एक दाढ पिवळी, एक मोरपंखी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घालायची इच्छा आहे, पण मागच्या खोलीतलं सगळं सामान पुढच्या खोलीत आल्यामुळे आडवं व्हायला जागा नाही. उभ्यानेच स्वीकार.

फोनवर तू म्हणालीस की मी तुला एक वाक्य धड पुरं करू देत नाही, तेव्हा यापुढे काय ते पत्राने कळव. मी "कुठं, मी तर" म्हणेपर्यंत तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. यात मला हवं तेवढं बोलता येतं आणि तुला मधे बोलता येत नाही. म्हणजे नेहमीचंच, फक्त वर पोस्टाचं तिकीट.

आता नमनाला घडाभर तेल पुरे. तुझा जिना, तुझा गुडघा आणि तुझा तिसरा मजला या तिघांचं हल्ली एकमेकांशी जमत नाही. माझं घर तळमजल्यावर आहे आणि मागची खोली वापराविना पडून आहे. तू कायमची इथं राहायला ये, असं मी म्हणालो, त्यावर तू म्हणालीस, "बघू." बघू म्हणजे नाही नव्हे, असं धरून मी खोली रंगवायला काढली आहे. रंगाऱ्याने भिंतीवर दोन पट्टे ओढून दिलेत. एक फिका पिवळा, लोण्याच्या जवळ जाणारा. दुसरा गडद मोरपंखी, म्हणजे निळा म्हणावा तर हिरवा आणि हिरवा म्हणावा तर निळा. यातला कुठला लावू, एवढंच सांग.

तुला वाटेल, दात बनवण्यात याचा जन्म गेला, याला रंग कळत नसेल तर कुणाला कळणार. मलाही तसंच वाटायचं. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी दात करतो, डबीत कापसावर ठेवतो आणि पाठवून देतो. दात बसला की डबी तिकडेच राहते. रंग जुळला नाही की डबी परत येते. माझ्या डब्या फारशा परत येत नाहीत, एवढी बढाई सख्ख्या बहिणीसमोर मारायला हरकत नसावी. पांढऱ्याच्या सोळा छटा मी झोपेतून उठवलं तरी ओळखीन. पण मला पांढऱ्याच्या बाहेर नेऊन सोडलं की मी जत्रेत चुकलेल्या पोरासारखा होतो, हे या वयात कळतंय.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. रंग बघायचा तो पहिल्या नजरेत. बघायचं, ठरवायचं, मान वळवायची. टक लावून बसलं की डोळा थकतो आणि मग त्याला काहीही पटायला लागतं. हा नियम मला तोंडपाठ आहे, आणि मी गेला आठवडाभर त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलो आहे. सकाळी पिवळा पटतो. दिवा लावला की मोरपंखी पटतो. जेवण झालं की वाटतं, चुना काय वाईट होता.

फोनवरून फोटो पाठवणार होतो, पण त्यात पिवळा आजारी दिसतो आणि मोरपंखी चक्क काळा. मग एक युक्ती सुचली. माझ्याकडे परत आलेल्या दाढांचा एक डबा आहे. त्यातल्या दोन धुऊन घेतल्या, एक पिवळ्या रंगात बुडवली, एक मोरपंखीत. वाळवून वेगळ्या डबीने पाठवतोय. खिडकीपाशी नेऊन बघ. पहिल्या नजरेत बघ, माझ्यासारखी खुर्ची टाकू नकोस.

तुझा,
खोली असून दारात झोपणारा भाऊ


१२ फेब्रुवारी

चि. दंतोपंतास आशीर्वाद.

डबी आली. ती माझ्याऐवजी शेजारणीने घेतली, कारण पोस्टमन आला तेव्हा मी खालच्या जिन्यात जरा टेकले होते. शेजारीण मदतीला फार तत्पर, म्हणजे दुसऱ्यांची पार्सलं उघडूनसुद्धा देते. तिने झाकण काढलं तर आत कापसावर एक पिवळी दाढ आणि एक निळी-हिरवी दाढ. तिची दातखीळच बसली. मग मला म्हणाली, "तुमचे भाऊ बरे आहेत ना?" मी म्हटलं, "लहानपणापासून असाच आहे." त्यानंतर दिवसभर ती जिभेने स्वतःच्या दाढा चाचपत होती.

माणसं रंग कागदावर पाठवतात रे. कार्डाचा एखादा तुकडा नव्हता का घरात?

मला रंगाचं काय विचारतोस? इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादमकी करण्यात माझी हयात गेली, तीही तळघरात. ढिगाने पांढऱ्या चादरी. एकेक उजेडासमोर धरायची, डाग दिसतोय का बघायचा. स्वच्छ निघाली की वर वॉर्डात पाठवायची, नाही निघाली की खाली माझ्यापाशी ठेवून घ्यायची. त्यामुळे मला दोनच रंग कळतात, वर पाठवायचा आणि ठेवून घ्यायचा. याच्यापुढे माझं शिक्षण नाही.

आणि मी येणार असं तुला कोण म्हणालं? मी बघू म्हणाले. मी आजवर कुणाच्या घरी चार दिवसांवर राहिलेली नाही. चार दिवस माणूस पाहुणा असतो, पाचव्या दिवशी अडगळ होतो. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण ताट वाढताना कळतं. तेव्हा अडगळीच्या खोलीला कुठला रंग शोभतो ते तूच ठरव. तुझं घर, तुझी भिंत, तुझी खुर्ची.

गुडघ्याचं म्हणशील तर गुडघा माझा आहे, त्याचं मी बघते. तू जेवतोस काय, ते पत्रात कुठे लिहिलेलं नाही. चार पानं नुसत्या भिंतीवर खर्च केलीस.

ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार, वि. वि.

जेवतो. बेसिनपाशी उभं राहून जेवतो, म्हणजे ताट धुवायला लांब जावं लागत नाही. याला मी सोय म्हणतो. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून ते लिहू नकोस.

अडगळ म्हणालीस. ताई, अडगळ कशाला म्हणतात ते इथं येऊन बघ. पुढच्या खोलीत सध्या कपाट, पलंग, गुंडाळलेल्या गाद्या, पायमोडकं टेबल आणि मी आहोत. त्यातल्या त्यात टेबल उपयोगी आहे.

तू मत दिलं नाहीस म्हणून रंगाऱ्याला विचारून बघितलं. चूक झाली. त्या माणसाकडे कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर आहे. "पिवळा खुलून दिसेल का?" "होईल." "मोरपंखी फार अंधारा होईल का?" "होईल." "तुम्हाला स्वतःला कुठला आवडतो?" "होईल, साहेब." मग तो डबे तिथंच ठेवून गेला आणि त्याने दुसऱ्याच कुणाचं घर रंगवायला घेतलं. मी मागे उरलेल्या दोन पट्ट्यांकडे बघत बसलो.

आता मीच सोपं करून टाकतो. पिवळा म्हणजे तू येणार. त्या खिडकीतून सकाळी ऊन येतं, पिवळ्या भिंती असल्या की तुला वर्तमानपत्राला उजेड पुरेल. मोरपंखी म्हणजे तू येत नाहीस. मग ती खोली मी दुपारच्या झोपेला घेईन, गडद भिंतींत घोरायला बरं पडतं. काही झालं तरी खोली वाया जाणार नाही, तेव्हा भिडेखातर येऊ नकोस. आणि भिडेखातर नाही पण म्हणू नकोस.

तुला शब्दांत सांगणं जड जातं हे मला ठाऊक आहे. आपल्या घरात कुणालाच ते कधी जमलं नाही. तर शब्द राहू देत, दाढेनेच कळव. मी समजून घेईन. तेवढा काही मी ढ नाही.

वाट बघणारा,
दंतोपंत


१ मार्च

चि. दंतोपंतास आशीर्वाद.

बोलून दाखवायला मला जमत नाही, ते तू बरोबर ओळखलंस. सोबत पिवळी दाढ पाठवते आहे. काय ते समज. दुसरी माझ्यापाशी राहू दे.

यावर उगाच लांबलचक काही लिहू नकोस. मला अवघडल्यासारखं होतं.

ताई


९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. डबी पोचली. उघडली आणि समजलो.

तू म्हणालीस म्हणून जास्त लिहीत नाही. थोडं जड गेलं, खोटं कशाला बोलू. पण सवय होईल. या वयात माणसाला कशाचीही सवय होते. रंगारी उद्यापासून येतो म्हणालाय.

गुडघ्याला जप.

तुझा भाऊ


२७ मार्च

चि. भावास आशीर्वाद.

तुझं कार्ड येऊन बरेच दिवस झाले. उत्तर देणार नव्हते. पण शेजारीण रोज विचारते, "कधी निघताय?" आणि तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही, म्हणून आधी तुला सांगते.

"थोडं जड गेलं, पण सवय होईल." हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. मी ते वाचलं तेव्हा माझी अर्धी भांडी बांधून झाली होती. कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या होत्या. पलंग कुणाला द्यायचा तेही ठरलं होतं. मीच मूर्ख. साठी उलटून गेलेली बाई तरण्या पोरीसारखी हुरळून गेले आणि कात्रीने सुतळ्या कापत बसले. कुणीतरी "ये" म्हणालं की त्याच्या मनात काय आहे ते बघायला थोडं थांबावं, एवढी अक्कल मला या वयात तरी यायला हवी होती.

माझी सवय करून घ्यावी लागेल इतकी मी जड असेन, तर तसं आधीच सांगायचं होतंस. मी काही तुझ्या दारात येऊन बसले नव्हते. पत्रावर पत्र तू लिहिलंस, दाढा तू पाठवल्यास, पिवळा म्हणजे येणार हेही तूच ठरवलंस. मी नुसतं हो म्हटलं तर तुला ते जड गेलं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे हत्तीचं ऐकलं होतं, भावाचं आता कळलं. तक्रार तरी कुणाकडे करायची? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

कुंड्या परत मागून आणल्या. त्यातल्या दोन तिने आधीच दुसरीकडे देऊन टाकल्या होत्या, त्या गेल्या. मी येत नाही. तुझी पिवळी खोली तुला लखलाभ.

ताई


२ एप्रिल

ताई,

नमस्कार वगैरे नंतर. हे पत्र मी पोस्टात उभा राहून लिहितोय आणि जलद टपालाने पाठवतोय. मागे रांग लागली आहे, लागू दे. फोन केला तर तू उचलला नाहीस, आणि उचलला असतास तरी मी मधे मधे बोलून सगळं आणखी बिघडवलं असतं.

कुठली पिवळी खोली? खोली मोरपंखी आहे. चारही भिंती. गेल्या दहा तारखेला रंगाऱ्याने सुरुवात केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काम वेळेत संपवलं.

ताई, तू पिवळी दाढ परत पाठवलीस. परत. माझ्या धंद्यात डबी परत आली की त्याचा अर्थ एकच. दात नापास. जुळला नाही, नको, ठेवून घ्यायचा तो दुसरा. इतकी वर्षं डबी परत आली की आतून काय निघणार ते झाकण उघडायच्या आधी माहीत असतं. तुझी डबी उघडली तर आत पिवळी दाढ. मी म्हटलं, झालं. पिवळा नापास, ताई येत नाही. आणि वर तू लिहिलेलं, यावर काही लिहू नकोस. मला वाटलं, हिला नकार द्यायला अवघड जातंय, आपण आणखी छळू नये. म्हणून मोठ्या मनाचा आव आणून चार ओळी लिहिल्या. उभ्या जन्मात एकदाच मी कमी बोललो, त्याचं हे फळ.

तुझं परवाचं पत्र हातात आल्यावर मी तुझं फेब्रुवारीतलं पत्र शोधून काढलं. ते गाद्यांच्या गुंडाळीत होतं. त्यात तू स्वच्छ लिहिलंयस, चांगलं ते वर पाठवायचं, डाग असलेलं ठेवून घ्यायचं. मी ते तेव्हा वाचून हसलो होतो आणि शेजारणीच्या दातखिळीकडे वळलो होतो. आणि मीच तुला लिहिलं होतं की तेवढा काही मी ढ नाही. ते वाक्य खोडून टाक, पुढेमागे कुणी वाचलं तर माझी शोभा होईल.

सवय होईल म्हणालो ते तुझ्या असण्याची नाही, नसण्याची. वाक्यात ते घालायचं राहून गेलं. आता घालतो. तुझा गुडघा हे निमित्त होतं. मी ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. मला एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय. बेसिनपाशी उभं राहणं ही सोय नाही, टेबलावर एकच ताट मांडायला नको वाटतं म्हणून तिथं उभा असतो. तू दोन हाका मारून "बस खाली" म्हणालीस तर मी बसेन. तू अडगळ नाहीस. तू आलीस तर मला या घरात अडगळ झाल्यासारखं थोडं कमी वाटेल.

रंगाऱ्याला बोलावलं आहे. विचारलं, "या गडद रंगावर पिवळा चढेल का?" म्हणाला, "होईल." मी विचारलं, "खालचा मोरपंखी डोकावत राहील का?" म्हणाला, "होईल." तरी वीस तारखेपासून घासायला घेणार आहे. लागतील तेवढे हात देऊ. तू फक्त ये. या वेळी शब्दांत कळव. दाढ, चादर, कुंडी, काहीही पाठवू नकोस.

तुझा,
पूर्ण ढ भाऊ


७ एप्रिल

चि. दंतोपंतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी हसले, मग चष्मा काढून पुसला, मग पुन्हा हसले. शेजारीण आत येऊन विचारायला लागली काय झालं म्हणून. तिला सांगितलं, आम्ही दोघांनी जन्मभर पांढऱ्या रंगाचीच नोकरी केली आणि आम्हाला एक पिवळी दाढ कळली नाही. ती म्हणाली, "मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, तुमचे भाऊ बरे आहेत ना." आता मीही बरी आहे का, याची तिला शंका आहे.

मूर्खपणा निम्मा माझा आहे, तो सगळा तू घेऊ नकोस. दाढेबरोबर "येते" हा एक शब्द लिहिला असता तर काय झिजलं असतं? पण तू "ये" म्हणावंस हे मला हवं होतं, आणि हवं आहे हे तुला कळायला नको होतं. म्हणून सगळा भार त्या दाढेवर टाकला.

आता शब्दांत सांगते. पोस्टमन तुझी डबी घेऊन आला तेव्हा मी जिन्यात टेकले नव्हते, पडले होते. शेजारणीने आधी मला उचललं आणि मग डबी उघडली. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू मला दयेने नेलं असतंस. दयेने जायचं नव्हतं. तुझं एकट्याने जेवणं आधी सांगितलं असतंस तर मी पहिल्याच पत्राला हो म्हटलं असतं. मी माझ्या गुडघ्यासाठी कुठे जाणार नाही, पण तुझ्या ताटासाठी येईन.

रंगाऱ्याला वीस तारखेला येऊ देऊ नकोस. भिंत घासायची नाही. झाला आहे तो रंग तसाच राहू दे.

तू लिहिलं होतंस, पहिल्या नजरेत बघ. तसंच बघितलं होतं. खिडकीपाशी नेऊन डबी उघडली आणि नजर मोरपंखीवरच गेली. पांढऱ्या कापडावर डाग शोधून माझे डोळे शिणलेले, त्यांना त्या रंगाकडे बघून किती बरं वाटलं ते तुला सांगता येत नाही. लागलीच ठरलं होतं माझं. पण मग तुझं पत्र आलं, पिवळा म्हणजे येणार आणि मोरपंखी म्हणजे नाही. मला यायचं होतं. म्हणून पिवळी पाठवली. म्हटलं, उरलेलं आयुष्य लोण्यात काढू, काय बिघडतं, रोज संध्याकाळी समोर बोलायला कुणीतरी असेल. आणि मोरपंखी दाढ तेवढी स्वतःसाठी ठेवून घेतली. ती उशाशी असते.

वर्तमानपत्र मी पुढच्या खोलीत वाचीन, तुझ्यासमोर बसून. तिथला उजेड पुरतो. दुपारी घोरायला मात्र माझ्या खोलीत यायचं नाही, ते तू तुझ्या टेबलाखाली कर. टेबलाचा पाय मी येण्याआधी बसवून घे आणि त्यावर दोन ताटं मांडून बघ, जागा पुरते का.

पुढच्या शनिवारच्या गाडीने येते. चार दिवसांसाठी नाही. स्टेशनवर घ्यायला ये आणि मी बोलत असताना मधे बोलू नकोस. मोरपंखी दाढ डबीत घालून बरोबर आणते आहे. परत आली म्हणून तिला नापास धरू नकोस, आणि मलाही.

तुझी,
ताई